अमेरिकेला न गेलेल्या मुलीचे वडील

बाबा गेल्याची बातमी मला कॉलेजच्या ऑफिसातल्या फोनवर कळली. बी.एस्सी.च्या मुलींचं प्रॅक्टिकल चालू होतं. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, लखनौचा ट्रंक कॉल आहे," आणि तेवढ्यानंच मला समजलं. फोनवर आमचे शेजारी श्रीवास्तव चाचाजी होते. आवाज मधूनमधून तुटत होता... "बिटिया, देशकर साहब... सुबह चाय पी रहे थे, बस..." नागपूरहून मिळेल त्या गाडीनं निघाले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घराच्या अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि आई कुणीतरी दिलेला चहाचा कप हातात तसाच धरून बसली होती.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. बाबांच्या संशोधन संस्थेतले सहकारी, जुने विद्यार्थी, लखनौच्या मराठी मंडळातली कुटुंबं. जो तो मला हेच सांगायचा, की बाबा माझ्याबद्दल फार अभिमानानं बोलायचे. मी मान खाली घालून ऐकायचे. त्यांना वाटत असेल, मुलगी दुःखात आहे. दुःख तर होतंच. पण त्या अभिमानानं आमच्या घरात एकदा काय घडवलं होतं, ते समोर बसलेल्यांपैकी काहींना ठाऊक होतं, काहींना नव्हतं. आणि कुणाला ठाऊक आहे हे मला इतक्या वर्षांनीही चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. म्हणून सगळ्यांसमोरच मान खाली.

बाबांच्या संशोधनाबद्दल जाणकारांनी लिहिलं आहे. औषधी वनस्पतींवर त्यांनी काम केलं, त्याविषयी मी अधिक काय सांगणार? मला लिहायचं आहे ते दुसरंच. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिही. त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय, तू कशाला झाकतेस?"

बाबा मूळचे अमरावतीचे. नोकरी मिळाली म्हणून लखनौला आले आणि लखनौचेच झाले. आमच्या कॉलनीत देशभरातली माणसं होती. घराबाहेर हिंदी, घरात मराठी असा बाबांचा दंडक होता. मी शाळेतून येऊन "बाबा, आज बहुत मज़ा आया" असं सुरू केलं की ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. "बाबा, आज खूप मजा आली," म्हटलं की लगेच, "हां, सांग!" एरवी फार बोलका माणूस. चांगली बातमी त्यांच्या पोटात राहतच नसे. संस्थेच्या बागेतल्या एखाद्या रोपाला कळी दिसली, की संध्याकाळी श्रीवास्तवांच्या व्हरांड्यात बसून ते फुलाचा रंग, वास सगळं सांगून मोकळे व्हायचे. कधीकधी ती कळी गळून पडायची. मग चार दिवस बाबा त्या व्हरांड्याकडे फिरकायचे नाहीत. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. पहिल्या वर्गात आले, विभागात दुसरी. बाबांच्या मनात फार आधीपासून होतं, की मी अमेरिकेत जाऊन पीएच.डी. करावी, आणि तीही कुठल्या तरी विद्यापीठात नाही. त्यांनी जे नाव धरलं होतं ते जगातलं फार जुनं, फार मोठं नाव. ते स्वतः कधी परदेशी गेले नव्हते; दोनदा नाव पुढे झालं होतं आणि दोन्ही वेळा दुसरंच कुणी गेलं. याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण माझ्या अर्जाच्या कामाला ते ज्या रीतीनं लागले ते पाहून मला कळायचं.

आजच्या मुलांना ते दिवस सांगितले तर खरं वाटणार नाही. माहिती मागवायला पत्र टाकायचं आणि विसरून जायचं. दीड-दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट यायचं. त्या विद्यापीठाचं प्रॉस्पेक्टस आलं तेव्हा त्यातले रंगीत फोटो बघायला कॉलनी लोटली. लाल विटांच्या इमारती, लाल-पिवळी पानं पडलेली हिरवळ, गळ्यात मफलर घातलेली मुलं. श्रीवास्तव चाची म्हणाल्या, "हाय राम, पेड़ भी वहाँ के रंगीन हैं!" परीक्षेसाठी दिल्लीला जावं लागलं. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून मार्कांचे सीलबंद कागद मिळवायला बाबा अर्धी रजा टाकून हेलपाटे घालत होते. हजरतगंजात एकाकडे चांगला टाइपरायटर होता, तिथं बसून आम्ही अर्ज टाइप करून घेतला. त्यात एक पान होतं, 'तुम्हाला इथं का यायचं आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.' बाबांनी ते त्यांच्या शब्दांत लिहून दिलं. त्यात विज्ञानाची सेवा होती, मानवजात होती, देशाचं ऋण होतं. मी वाचलं आणि म्हटलं, "बाबा, हे माझं नाही वाटत." ते म्हणाले, "त्यांना काय हवं असतं ते मला माहीत आहे, सुलू." मी रिक्षात बसून दुसरं लिहिलं. साबणाच्या फेसावर रंग का दिसतात हे मला लहानपणी कुणी नीट सांगितलं नाही, तिथून सुरुवात केली. टाइप करताना बाबांनी वाचलं आणि तेच पाठवू दिलं. त्यांच्याबद्दल लिहिताना हेही लिहायला हवं.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. विद्यापीठ निम्मा खर्च उचलणार होतं, उरलेल्यासाठी बाबांनी जुळवाजुळव केली. मी अजून पत्र दुसऱ्यांदा वाचत होते, तोवर बाबा चप्पल न घालता श्रीवास्तवांकडे पोचलेसुद्धा. त्या दिवसापासून जुलैपर्यंत बाबांनी भेटेल त्याला ते नाव सांगितलं. सब्जीवाल्याला सांगितलं. मलिहाबादहून दशहरी आंब्यांच्या पेट्या घेऊन येणाऱ्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, "अच्छा, तो वहाँ आम मिलेगा बिटिया को?" मोठी सूटकेस घ्यायला आम्ही अमीनाबादला गेलो तेव्हा दुकानदारालाही. मंडळानं सभागृहात माझा सत्कार केला. लखनौतली पहिली मराठी मुलगी वगैरे भाषणं झाली. शाल, श्रीफळ. मला त्या शालीत भयंकर उकडत होतं आणि मनातून फार आवडतही होतं. ते का लपवू?

व्हिसाचे कागद अमेरिकेतून यायला उशीर झाला. सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस उरले. बाबा म्हणाले, व्हिसा म्हणजे काय, नुसता शिक्का. दिल्लीला जायचं, शिक्का घ्यायचा, तिथूनच विमान. त्यामुळे निरोप लखनौलाच झाला. चारबाग स्टेशनवर अर्धी कॉलनी आली होती. गळ्यात हार इतके, की मला खाली वाकून आईच्या पाया पडता येईना. चाची रडत होत्या. गाडी हलली तशी कुणीतरी ओरडलं, "देशकर साहब की जय!" बाबा दारात उभे राहून हात हलवत होते. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

दिल्लीत दूतावासाच्या खिडकीपलीकडचा अधिकारी तरुण होता, चांगला बोलत होता. खर्चाचं विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, लग्न ठरलंय का विचारलं. मग म्हणाला, शिक्षण संपल्यावर तिथंच चांगली नोकरी मिळाली तर काय कराल? मी म्हणाले, तेव्हा विचार करीन. खरोखर मला तेवढंच माहीत होतं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पासपोर्ट परत सरकवला. परत याल याची खात्री पटत नाही, परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करा. मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. बाबा झाडाखाली उभे होते. मला पाहून हसत दोन पावलं पुढे आले आणि मग थांबले.

आम्ही रस्त्याकडेच्या एका बाकावर बसलो. काय विचारलं, मी काय म्हणाले, सगळं सांगितलं.

"परत येईन, एवढंच म्हणायचं होतं ना सुलू..."

"मला कुठं माहीत होतं बाबा, काय म्हणायचं ते."

बाबांनी माझ्या हातातले कागद घेऊन पिशवीत ठेवले. मी म्हणाले, "चला, घरी जाऊ."

"कुठल्या घरी?"

"लखनौला."

"हार घालून पाठवलंय लोकांनी," बाबा म्हणाले. "चार दिवसांत कसं तोंड दाखवायचं? का नाही मिळाला विचारतील. काय सांगू? माझ्या मुलीला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही म्हणून?"

असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. बोलल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पण शब्द मागे घेतला नाही. माझ्या मनात तेव्हापासून ठाम बसलं, की काहीतरी लाजिरवाणं झालं आहे आणि ते मी केलं आहे. दुपारी बाबा स्टेशनवर जाऊन तिकिटं काढून आले. अमरावतीची. माझी मावशी तिथं शाळेत शिक्षिका होती, एकटी राहायची. "एखादा महिना राहा," बाबा म्हणाले. "पुढच्या सत्रासाठी पुन्हा अर्ज करू. व्हिसा मिळाला की तिथूनच जा. कुणाला काही कळायचं कारण नाही." मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरलो तेव्हा त्या भल्यामोठ्या सूटकेसकडे हमाल बघतच राहिला. बाबा मला मावशीच्या दारात सोडून त्याच दिवशी परत फिरले. लखनौला जाऊन त्यांनी सांगितलं, की सुलभा व्यवस्थित गेली.

महिन्याचं वर्ष होत आलं. पुन्हा अर्ज केला, पण पुढच्या सत्राला खर्चाची मदत मिळेना. त्याशिवाय व्हिसाचं नावही काढण्यात अर्थ नव्हता. मावशीनं शेजारणींना सांगितलं होतं, की भाची हवापालटाला आली आहे. त्यामुळे मला काय आजार असावा याची आळीत चर्चा होती. लखनौच्या मैत्रिणींना पत्र लिहायची सोय नव्हती. अमरावतीतल्या मुली माझं हिंदीमिश्रित मराठी ऐकून हसायच्या. मी मावशीच्या शाळेतल्या मुलींना गणित शिकवायचे, बाजारात जायचे, आणि कुणी लखनौकडचं बोललं की रस्ता बदलायचे. मावशी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू काय चोरी केलीस का गं?" मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडू लागले.

लखनौत काय चाललं होतं ते मला आईनं नंतर सांगितलं. बाबा आधी कुणी विचारलं तर "ठीक आहे" एवढंच म्हणत. पण लोक प्रेमानं विचारायचे आणि तेवढ्यावर सोडायचे नाहीत. मग बाबा त्या प्रॉस्पेक्टसमधलं सांगू लागले. पानं लाल झाली आहेत. आता बर्फ पडायला लागलं. वसतिगृहात रविवारी जेवण नसतं. श्रीवास्तवांच्या व्हरांड्यात हे सांगून घरी आले की पानावर बसायचे आणि न जेवता उठायचे. आई म्हणाली, "मी एकदा म्हटलं, अहो, पुरे करा आता. तर म्हणाले, आता थांबलो तर आधीचंही खोटं होईल."

त्या हिवाळ्यात श्रीवास्तव चाचींनी माझ्यासाठी स्वेटर विणला. त्यांचा भाचा अमेरिकेला निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवायचा म्हणून. पत्ता मागितला तेव्हा बाबांची बोबडी वळली. भाच्याला कशाला त्रास, मीच पोस्टानं पाठवतो, असं म्हणून त्यांनी पुडकं घरी आणलं आणि कपाटावर ठेवलं. आई सांगते, ते तिथं असेपर्यंत बाबा त्या खोलीत बसत नसत. शेवटी त्यांनी ते अमरावतीला पाठवून दिलं. मला मिळालं तेव्हा विदर्भातला उन्हाळा सुरू झाला होता. मावशीच्या ओसरीवर मी पुडकं फोडलं. जाड लोकरीचा मोरपंखी स्वेटर, गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचा. चाचींचे डोळे तेव्हाच अधू झालेले. एका बाहीवर टाके चुकले होते आणि ते उसवून पुन्हा घातल्याचं दिसत होतं. मला कुठं तरी थंडी वाजत असेल म्हणून त्या बाईनं हिवाळाभर विणलं होतं... आणि मी घामानं निथळत ते हातात घेऊन बसले होते. इतकी लाज मला दिल्लीतल्या त्या खिडकीपाशीही वाटली नव्हती. मी मावशीला सांगितलं, मी उद्या जाते. ती म्हणाली, "डबा देते."

गाड्या बदलत मी चारबागला उतरले आणि रिक्षा केली. सकाळची वेळ होती, कॉलनीत माणसं कामाला निघाली होती. फाटकापासून आमच्या क्वार्टरपर्यंत ज्यांनी मला पाहिलं ते जागच्या जागी उभे राहिले. मी घरी गेले नाही, आधी श्रीवास्तवांकडे गेले. चाची व्हरांड्यात मेथी निवडत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "चाची, मैं अमेरिका गई ही नहीं. वीज़ा नहीं मिला था. मौसी के यहाँ अमरावती में थी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या स्वेटरकडे. मला वाटलं, त्या आता रागावतील. रागावायला हव्याच होत्या. पण त्या म्हणाल्या, "अरे, तो घर क्यों नहीं आ गईं?"

त्याचं उत्तर देता देता मला रडू फुटलं.

बाबा संस्थेत निघण्याच्या तयारीत होते, एका पायात मोजा. मला पाहिलं आणि उठून पहिल्यांदा खिडकी लावून घेतली. "कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी."

ते खाली बसले. दुसरा मोजा हातातच होता. त्या दिवशी ते संस्थेत गेले नाहीत. नंतर जाऊ लागले, पण मागच्या फाटकानं. व्हरांड्यातल्या बैठका थांबल्या. कॉलनीतली मुलं मला बघून आपापसात "अमेरिका रिटर्न" म्हणायची. मोठी माणसं काही म्हणायची नाहीत, ते जास्त जड जायचं. बाबांनी मंडळात जाणं सोडलं. आम्ही दोघं एका घरात होतो आणि जेवण वाढलंय, पाणी गेलंय, एवढंच बोलत होतो. त्यांच्यावर माझा राग होता आणि त्यांना पाठ वाकवून मागच्या फाटकाकडे जाताना पाहिलं की तो टिकायचा नाही. दोन्ही एकदम सांभाळणं फार कठीण असतं.

गणपती आले. शेवटच्या संध्याकाळी बाबा अचानक म्हणाले, "चला, मंडळात जाऊ." आई चकित झाली. आम्ही तिघं गेलो आणि मागच्या रांगांत बसलो. मुलांच्या स्पर्धांचे निकाल चालले होते. बाबा उठले, अध्यक्षांच्या कानात काहीतरी बोलले आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. भाषणाची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"गेल्या वर्षी तुम्ही इथं माझ्या मुलीचा सत्कार केलात," ते म्हणाले. "तिला व्हिसा मिळाला नाही. तसं पुष्कळांचं होतं, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, की ती गेली. ते खोटं होतं. वर्षभर मी तिला लपवलं... आणि तुम्हाला बर्फाच्या गोष्टी सांगितल्या. ती खोटं बोलली नाही, मी बोललो. तुमची क्षमा मागतो."

सभागृहात कुणाला काय करावं कळेना. टाळ्या वाजवायच्या की नाही, तेही कळेना. शेवटी कार्यवाह घाईघाईनं पुढे झाले आणि त्यांनी वेशभूषा स्पर्धेचा उत्तेजनार्थ क्रमांक जाहीर केला. फुलपाखरू झालेली एक लहान मुलगी पंख सावरत स्टेजवर गेली आणि बाबा तिला वाट देत बाजूनं खाली उतरले.

हे वाचून कुणाला वाटेल, की त्या क्षणी माझं मन भरून आलं असेल. तसं झालं नाही. मी बायकांच्या रांगेत बसले होते, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, आणि मला वाटत होतं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. मला न विचारता त्यांनी मला लपवलं होतं, आणि मला न विचारता उघडं केलं. घरी येताना रिक्षात मी तसं म्हणाले. बाबा म्हणाले, "हो. विचारायला हवं होतं." पण दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या फाटकानं जाऊ लागले.

पुन्हा अर्ज करायचा विषय त्यांनी एकदा काढला. मी नको म्हणाले. लखनौतच पीएच.डी. केली, नागपूरला नोकरी मिळाली, लग्न होऊन तिथलीच झाले. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघं बोललो नाही. वर्षातून एकदा माहेरी जायचे, आंबे खायचे, परत यायचे.

मग मधे एकदा, तीन-चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले असताना सकाळी सकाळी बाबा छत्री घेऊन निघालेले दिसले. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीलगतच घर घेतलं होतं, गुडघे दुखायचे. मी आईला विचारलं, "कुठं?" ती म्हणाली, "तुला माहीत नाही का? वर्माजींचा मुलगा येतोय दिल्लीहून. व्हिसाला गेला होता." मला काही समजेना. तेव्हा कळलं, की गेली कित्येक वर्षं कॉलनीतलं कुणाचंही पोर व्हिसाच्या मुलाखतीला दिल्लीला गेलं, की ते परत येतं त्या सकाळी बाबा चारबागला जातात. निकाल काय लागला हे कुणी कळवलेलं असो वा नसो.

मी त्यांच्याबरोबर गेले. गाडी आली. वर्माजींचा मुलगा खाली उतरला आणि चेहरा बघताच कळलं. बाबांनी काहीही विचारलं नाही. त्याच्या हातातली बॅग घेतली, "भूख लगी होगी," म्हणाले, आणि स्टेशनबाहेरच्या दुकानात त्याला गरम कचोरी खाऊ घातली. क्रिकेटचं बोलले. मग दोन रिक्षा केल्या. मुलाला एकीत बसवून बाबा त्या रिक्षावाल्याला म्हणाले, "आगे वाले गेट से जाना, भैया." आम्ही दोघं मागच्या रिक्षात.

बरंच अंतर गेल्यावर बाबा समोर बघत म्हणाले, "सुलू, तुला मी तेव्हा बडनेऱ्याला उतरवलं. चारबागला उतरवायला हवं होतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण रिक्षा खडखडत होती, रस्त्यात गर्दी होती, आणि आम्हा दोघांनाही सवय नव्हती.

तेरावा झाल्यावर मी आणखी थोडे दिवस लखनौला राहिले. एका सकाळी उठले तर आई इस्त्रीची साडी नेसून पायात चपला सरकवत होती. माझ्या आठवणीत आई एकटी कधी स्टेशनवर गेलेली नाही. म्हणाली, "अग्रवालांची पम्मी यायची आहे दिल्लीहून. कुणीतरी जायला हवं ना."

आम्ही दोघी प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिलो. नेमकं कुठं उभं राहायचं हे आईला ठाऊक नव्हतं. पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभे असायचे, एवढं तिनं त्यांच्याकडून ऐकलं होतं. पम्मी महिनाभर दिल्लीत भावाकडे होती. तिच्या घरच्यांनी बाबा गेल्याचं तिला अजून कळवलं नव्हतं, मुलाखत होईपर्यंत नको म्हणून. ती उतरली, स्टॉलच्या दिशेनं सरळ चालत आली, आणि आम्हाला बघून घुटमळली. आमच्या मागे, आजूबाजूला बघू लागली.

"अंकल नहीं आए?"

आईनं पुढे होऊन तिच्या हातातली बॅग घेतली. बॅग जड होती, आईच्या खांद्यावरून पदर घसरला, पण तिनं ती मला दिली नाही.

"नहीं बेटा," ती म्हणाली, "आज मैं आई हूँ."